पारवा आणि सोनेरी शिंतोडा
(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेत दिलेले व्याख्यान)



ज्युबिलीचा प्रसंग हा स्मरणाचा प्रसंग होय. अशा वेळी जुन्या वस्तू पेटाऱ्यांतून बाहेर निघतात, धूळ बसलेली छायाचित्रे पुसून भिंतीवर लागतात, वडीलधाऱ्या मंडळींस बोलते करण्यात येते. आणि मग कोणीतरी सुचवितो की, या साऱ्या ठेव्याचे एखादे लहानसे संग्रहालय करावे व त्यास शोभेल असे एक चिन्हही काढवून घ्यावे. ही सूचना सर्वथैव स्तुत्य आहे. परंतु वारशाचे चिन्ह काढणे हे काम दिसते तितके सोपे नव्हे. त्यात काय घालावे हा प्रश्न वरवर पाहता चित्रकाराचा वाटतो. खरे पाहू जाता तो आपल्या सर्वांच्या सचोटीचा प्रश्न आहे. हीच गोष्ट एका दूरच्या नगरातील संग्रहालयाच्या उदाहरणाने आज मी आपणापुढे मांडणार आहे. ते नगर म्हणजे लंडन, आणि ते चिन्ह म्हणजे एक पांढरा पारवा व त्याच्या खाली पडलेला एक सोनेरी शिंतोडा.

आपण ख्रिस्ती लोक चिन्हांच्या बाबतीत अगदी अडाणी नाही. लहानपणापासून आपण ख्रिस्तमंदिरात चिन्हे वाचीत आलो आहो. वेदीवर कोकरू दिसले की ते कोणते कोकरू हे आपल्या पोरासोरांनाही सांगावे लागत नाही. दोन किल्ल्या एकमेकींवर तिरप्या ठेवलेल्या दिसल्या की संत पेत्राची आठवण होते. आपल्या पिलांना स्वतःच्या रक्ताने पोसणारा पाणकोळी, आशेचा नांगर, हुतात्म्यांच्या हातातील झावळी, या साऱ्यांचा अर्थ आपल्या वाडवडिलांना अक्षरओळख नसतानाही ठाऊक होता. ही चिन्हे केवळ शोभेची नव्हेत. जी संस्था एखादे चिन्ह आपल्या दारावर लावते ती त्या चिन्हाच्या द्वारे पाहणारास एक वचन देते. आत जे आहे ते बाहेर लावलेल्या चिन्हाशी जुळले पाहिजे, हे ते वचन. किल्ल्यांचे चिन्ह लावून दार कायमचे बंद ठेविले, तर चिन्ह खोटे पडते. या कसोटीने आता लंडनचे चिन्ह पाहू.

प्रथम त्या संग्रहालयाची थोडी हकीकत सांगणे अवश्य आहे. लंडन नगराच्या इतिहासाच्या वस्तू जमविणाऱ्या दोन संस्था पूर्वी वेगवेगळ्या होत्या. एक गिल्डहॉल म्युझियम, ज्याची स्थापना १८२६ साली झाली. आणि दुसरी लंडन म्युझियम, जी १९१२ साली केन्सिंग्टन राजवाड्यात लोकांस खुली झाली. या दोहोंचा संगम होऊन १९७६ साली ‘म्युझियम ऑफ लंडन’ या नावाने लंडन वॉल येथे नवे संग्रहालय उघडले. पुढे २००३ साली थेम्स नदीच्या काठी, गोदीच्या जुन्या वखारीत, त्याची दुसरी शाखा निघाली. लंडन वॉल येथील इमारत डिसेंबर २०२२ मध्ये बंद झाली, कारण संग्रहालयाने आपले बिऱ्हाड स्मिथफील्ड येथील जुन्या बाजाराच्या इमारतींत नेण्याचे ठरविले होते. या स्थलांतराच्या तयारीतच, जुलै २०२४ मध्ये, संस्थेने ‘लंडन म्युझियम’ हे जुने आटोपशीर नाव पुन्हा धारण केले आणि त्याबरोबर नवे बोधचिन्ह जाहीर केले.

यापूर्वीचे चिन्हही विचारी होते. २०१० साली काढलेल्या त्या चिन्हात निरनिराळ्या रंगांचे काही आकार एकावर एक ठेवलेले होते. वरवर पाहणारास ते रंगाचे डाग वाटत. वस्तुतः त्यातील प्रत्येक आकार म्हणजे इतिहासाच्या एकेका काळी लंडन नगराची जी सीमा होती तिची बाह्यरेषा होती. लहानशा वसाहतीभोवती मोठे नगर, त्याभोवती त्याहून मोठे नगर, याप्रमाणे नगराच्या वाढीचा जणू नकाशाच त्यात होता. कल्पना सुरेख होती. परंतु तिच्यात एक उणीव होती. सीमारेषेने नगराचा विस्तार कळतो. नगरात राहणारा जीव तिच्यात दिसत नाही.

नव्या चिन्हात सीमा नाही, बुरूज नाही, राजमुकुट नाही, नदीवरचा पूल नाही. आहे तो एक पारवा. पांढऱ्या मातीत घडविल्यासारखा त्याचा देह आहे, आणि त्याच्या खाली त्याचीच विष्ठा, साध्या घरगुती भाषेत ज्यास आपण शीट म्हणतो ती, सोन्याच्या चमकीने रंगविलेली आहे. हे चिन्ह प्रसिद्ध होताच साहजिकच गदारोळ झाला. कित्येकांनी थट्टा केली, कित्येकांना हा नगराचा अपमान वाटला, आणि कित्येकांना ते मनापासून आवडले. संग्रहालयाच्या तत्कालीन संचालिका शॅरन अमेंट यांनी त्याचा जो खुलासा केला त्याचे तात्पर्य असे की, लंडन हे परस्परविरोधी गोष्टींचे नगर आहे; तेथे मळ आणि झगमगाट ही दोन्ही शतकानुशतके शेजारी शेजारी नांदत आली आहेत, आणि हे नगर माणसे इतर प्राण्यांबरोबर वाटून घेऊन राहतात.

आता पारवाच का, हे पाहू. शहरात राहणारा पारवा हा मूळचा शहरी पक्षी नव्हे. समुद्रकाठच्या व डोंगराच्या कड्यांच्या कपारीत घरटी करणाऱ्या रानपारव्याचा तो वंशज आहे. माणसाने हजारो वर्षांपूर्वी त्यास धरून पाळले. त्याचे मांस खाल्ले, त्याच्या विष्ठेचे खत शेतात घातले, त्याच्या पायास चिठ्ठी बांधून निरोप धाडले. खुराड्यांतून सुटलेले पारवे पुढे शहरात स्थायिक झाले, कारण दगडी इमारतींच्या वळचणी व कंगोरे त्यांस मूळच्या कड्याकपारींसारखेच वाटले. म्हणजे ज्यास आज शहरातील माणूस उपद्रव म्हणून हाकलतो त्यास माणसानेच आणले, माणसानेच वाढविले, आणि गरज सरल्यावर माणसानेच टाकून दिले.

आणि ही गरज किती मोठी असे याची साक्ष इतिहासात आहे. दुसऱ्या महायुद्धात प्राण्यांच्या शौर्यासाठी इंग्लंडात १९४३ साली ‘डिकिन पदक’ सुरू झाले. त्यानंतर १९४९ पर्यंत जी ५४ पदके देण्यात आली त्यांपैकी ३२ पारव्यांना मिळाली. अमेरिकन सैन्याचा ‘जी. आय. जो’ नावाचा एक पारवा त्यांत होता. इटलीतील एक गाव इंग्रज सैन्याने आधीच काबीज केले आहे, तेव्हा त्यावर बाँब टाकू नयेत, असा निरोप त्याने १९४३ च्या ऑक्टोबरात विमानतळावर वेळेवर पोहोचविला, आणि स्वपक्षाच्याच बाँबखाली मरू घातलेले सैनिक व गावकरी वाचले. त्याचे पदक १९४६ साली लंडनच्या प्रसिद्ध टॉवरमध्येच त्यास अर्पण करण्यात आले. त्याच लंडनात २००३ साली ट्रफाल्गार चौकात पारव्यांना दाणे टाकण्यास कायद्याने बंदी झाली. एकाच पक्ष्यास एकाच नगरात पदकही मिळाले आणि बंदीही.

हे ऐकून आपणांस हसू येत असेल तर मुंबईकडे पाहावे. दादरच्या कबुतरखान्यावर पिढ्यान्‌पिढ्या कोणी पुण्य म्हणून दाणे टाकीत आले, तर कोणी तेथील विष्ठेने व धुळीने फुप्फुसाचे विकार होतात म्हणून तक्रार करीत आले. २०२५ साली महापालिकेने ताडपत्री घालून ती जागा बंद केली, तेव्हा दोन्ही बाजूंनी जो वाद माजला तो आपण वर्तमानपत्रांतून वाचलाच आहे. दोन्ही बाजूंची माणसे खरे तेच बोलत होती, हे त्या वादाचे मर्म. दया खरी आहे आणि घाणही खरी आहे. लंडनच्या चित्रकारांनी नेमके हेच हेरले. पारवा काढावयाचा तर त्याचा शिंतोडाही काढला पाहिजे. नाही तर तो पारवा नव्हे, मिठाईच्या डब्यावरचे चित्र होय.

आपल्या दृष्टीने यात आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. चिन्हातील पक्षी राखी नसून पांढरा आहे. पांढरे कबुतर पाहिले की आपल्या मनात लगेच यार्देन नदीवरील बाप्तिस्म्याचा प्रसंग उभा राहतो, आणि पवित्र आत्म्याचे ते रूप आपण वेदीच्या वर, काचेच्या खिडकीत, बाप्तिस्म्याच्या कुंडावर पाहत आलो आहो. परंतु समारंभात जी शुभ्र कबुतरे आकाशात सोडतात ती बहुधा पाळीव पारव्याचीच पांढरी जात असते, हे पुष्कळांस ठाऊक नसते. खिडकीतला शुभ्र पक्षी आणि खिडकीच्या छज्जावर बसून तो घाण करणारा राखी पक्षी यांच्यात नाते फार जवळचे आहे. शिवाय बाळ येशूस मंदिरात नेले त्या दिवशीची अर्पणाची वस्तू आठवा. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे अशा वेळी कोकरू द्यावे. ज्यांना तेवढी ऐपत नसेल त्यांनी होल्यांची अथवा पारव्यांच्या पिलांची जोडी द्यावी, अशी सवलत होती. योसेफ व मरिया यांनी या सवलतीचाच आश्रय केला, असे लूकच्या शुभवर्तमानावरून दिसते. पारवा हे गरिबाचे अर्पण होते. तेव्हा नगराच्या इतिहासगृहाच्या दारावर सिंह किंवा गरुड न बसविता गरिबाचा पक्षी बसविला, तर त्यात अपमान मानण्याचे आपणांस तरी कारण नाही.

आता शिंतोड्याकडे वळू. मराठीत ‘शिंतोडे उडविणे’ म्हणजे कोणाच्या नावलौकिकास डाग लावणे. चित्रकार मराठी जाणत नसले तरी चिन्हाचा भावार्थ आपल्या भाषेने आधीच बांधून ठेविला आहे असे म्हणावयास हरकत नाही. या संग्रहालयात खरोखरच झगमगाट आणि घाण ही दोन्ही आहेत काय, म्हणजे चिन्हाने दिलेले वचन पाळले गेले आहे काय, हे पाहणे हीच आपली कसोटी.

झगमगाट तर पुष्कळच आहे. १९१२ साली लंडनच्या चीपसाइड रस्त्यावर एक जुनी इमारत पाडताना मजुरांच्या कुदळीस तळघरात पुरलेला एक दागिन्यांचा साठा लागला. सोळाव्या-सतराव्या शतकांतील हे सुमारे ५०० नग. त्यांत कोलंबियाचा पाचू आहे, हिंदुस्थानचे हिरे आहेत, आणि एकाच अखंड पाचूत कोरून बसविलेले एक घड्याळही आहे. कोण्या सोनाराने ते पुरले आणि तो परत का आला नाही, हे त्या दागिन्यांसच ठाऊक. शिवाय १७५७ साली बांधलेला, सोन्याने मढविलेला, लंडनच्या लॉर्ड मेयरचा रथही याच संग्रहालयाच्या इमारतीत वर्षानुवर्षे ठेवण्यात येत असे.

आणि घाण? २०१७ साली लंडनच्या व्हाइटचॅपल भागाखालच्या गटारात चरबी, तेल आणि फेकलेली ओली फडकी यांचा थिजून दगडासारखा झालेला एक प्रचंड गोळा सापडला. त्याची लांबी २५० मीटर व वजन सुमारे १३० टन होते. तो फोडण्यास कामगारांना कित्येक आठवडे खपावे लागले. त्याचा एक तुकडा सुकवून, काचेच्या बंद पेटीत ठेवून, या संग्रहालयाने १९१८ च्या नव्हे, आपल्याच काळातील, २०१८ सालच्या प्रदर्शनात मांडला, आणि पुढे आपल्या कायम संग्रहात घेतला. पाचूचे घड्याळ आणि गटारातला गोळा एकाच संस्थेच्या ताब्यात आहेत. पहिले काही थोड्यांचे होते. दुसरा लक्षावधी लोकांनी मिळून, रोजच्या स्वयंपाकघरातून, नकळत घडविला. दोन्ही लंडनच. येथवर चिन्हाचे वचन खरे उतरते.

परंतु खरा शिंतोडा गटारातला नसतो. तो इतिहासातला असतो. संग्रहालय ज्या स्मिथफील्डमध्ये जावयाचे ठरले तेथे आठशेहून अधिक वर्षे जनावरांचा व मांसाचा बाजार चालत आला. नियोजित इमारतींपैकी एक १८८३ साली पुरी झालेली जनरल मार्केटची, आणि दुसरी कोंबड्या, बदके इत्यादी पाखरांच्या बाजाराची. पाखरे जेथे विकली जात तेथे पाखराचेच चिन्ह लागावे, हाही एक योगच. पण याच स्मिथफील्डच्या मोकळ्या मैदानावर माणसेही जाळली गेली आहेत. १५३८ साली आठव्या हेन्री राजाच्या अमलात जॉन फॉरेस्ट या फ्रान्सिस्कन संन्याशास, राजा हा ख्रिस्तसभेचा मस्तक होय हे मान्य न केल्याबद्दल, तेथे जिवंत जाळले. पोप तेरावे लिओ यांनी १८८६ साली त्यांस धन्यवादित घोषित केले. हे नाव आपल्या मंडळींत मोठ्या आदराने घेतले जाते, आणि ते योग्यच आहे.

बंधुभगिनींनो, गोष्ट येथेच संपविली तर आपणांस बरे वाटेल. पण ती येथे संपत नाही. १५५५ साली त्याच मैदानावर जॉन रॉजर्स या प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकासही जिवंत जाळले, आणि त्या वेळी सिंहासनावर होती ती मेरी राणी कॅथलिक होती. त्याच्यामागून तिच्या अमलात आणखी कित्येकांची तीच गत झाली. सतरा वर्षांच्या अंतराने त्याच मातीवर तीच राख पडली. फक्त काडी लावणारा हात बदलला. जे संग्रहालय या दोन राखांपैकी एकच दाखवील ते कोणाच्या तरी सोयीचे संग्रहालय होईल, नगराचे होणार नाही. आणि जो कॅथलिक मनुष्य फॉरेस्टची गोष्ट मुलांस सांगतो व रॉजर्सची गाळतो, तो हुतात्म्याचा मान वाढवीत नाही, उलट कमी करतो. कारण अर्ध्या सत्याच्या आधारावर उभा केलेला मान पहिल्या प्रश्नासरशी कोसळतो.

येथे एक आक्षेप घेता येईल, व तो मला महत्त्वाचा वाटतो. शिंतोडा दाखविला हे ठीक. पण तो सोन्याचा का केला? घाणीस सोन्याचा मुलामा दिला म्हणजे ती घाण राहत नाही, गंमत होते. डाग लपविण्याचे दोन मार्ग आहेत. एक तो पुसून टाकणे. दुसरा त्यास इतका शोभिवंत करणे की पाहणारास तो नक्षीच वाटावा. दुसरा मार्ग पहिल्याहून अधिक फसवा होय.

या आक्षेपाची परीक्षा त्याच संग्रहालयाच्या गोदीवरील शाखेत होते. ती शाखा ज्या वखारीत आहे ती १८०२ साली उघडलेल्या वेस्ट इंडिया गोदीची वखार. वेस्ट इंडीज बेटांवरून येणारी साखर तेथे उतरत असे, आणि ती साखर आफ्रिकेतून पकडून नेलेल्या गुलामांच्या घामाची व रक्ताची होती. ती गोदी उभारण्यात पुढाकार घेणारा रॉबर्ट मिलिगन हा व्यापारी १८०९ साली मेला, तेव्हा जमेकातील त्याच्या मळ्यांवर ५२६ माणसे गुलाम म्हणून त्याच्या मालमत्तेत मोजलेली होती. त्याचा ब्राँझचा पुतळा त्या वखारीसमोर उभा होता. २००७ साली, म्हणजे इंग्लंडने गुलामांचा व्यापार बंद करण्याचा कायदा केल्यास दोनशे वर्षे झाली त्या वर्षी, संग्रहालयाने वखारीच्या आत ‘लंडन, साखर आणि गुलामगिरी’ हे दालन उघडले. आत गुलामांची हकीकत आणि बाहेर मालकाचा पुतळा, अशी स्थिती पुढे तेरा वर्षे होती. अखेर जून २०२० मध्ये तो पुतळा तेथून हलविण्यात आला.

या उदाहरणावरून माझे मत असे झाले आहे की, सोनेरी शिंतोड्याचा अर्थ एकच एक नाही. गटारातला गोळा, रस्त्यावरची धूळ, गरिबांच्या वस्तीची कळकट भिंत यांना सोन्याचा रंग दिला तर तो न्याय आहे; कारण जगाने ज्यास क्षुद्र म्हणून टाकले त्यास तो मान देतो. परंतु ५२६ माणसांच्या दास्यास सोन्याचा रंग देता येत नाही, आणि जळत्या चितेसही देता येत नाही. तेथे सोने हाच मुळी डाग आहे, कारण त्या दास्यातूनच ते सोने निघाले. म्हणून चिन्ह पाहणाराने दर वेळी विचारले पाहिजे की, हा शिंतोडा सोन्याचा झाला तो टाकलेल्यास मान दिल्यामुळे, की मानकऱ्यांचे पाप झाकण्यासाठी? चिन्ह हा प्रश्न विचारावयास लावते एवढे त्याचे श्रेय निःसंशय आहे. उत्तर मात्र दालनातील प्रत्येक पाटीने, प्रत्येक वस्तूने द्यावे लागते. चित्रकाराचे काम दारावर संपते. राखणदाराचे काम तेथे सुरू होते.

हे सर्व लंडनचे झाले. याच्याशी आपला काय संबंध, असे कोणी म्हणेल. संबंध आपण समजतो त्याहून जवळचा आहे. आपल्यापैकी पुष्कळांची ओळख ज्या ‘ईस्ट इंडियन’ या नावाने दिली जाते ते नावच मुळी लंडनच्या एका व्यापारी कंपनीवरून आलेले आहे. १६६८ साली इंग्लंडच्या राजाने मुंबई बेट वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीस दिले. पुढे १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, मुंबईतील ख्रिस्ती मंडळींनी ‘बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन’ ही संस्था काढली व हे नाव धारण केले. कंपनीच्या चाकरीत आपण जुने आहो, इतर ठिकाणाहून आलेल्यांहून वेगळे आहो, हे दाखविण्याचा हेतू त्यात होता. नाव हेही एक चिन्हच असते. या चिन्हात पोटापाण्याची सोय आहे, शिक्षण आहे, स्वतःची ओळख टिकविण्याची धडपड आहे. तसेच परक्या सत्तेच्या दरबारात जवळचे आसन मिळविण्याची आशाही आहे. यात लाज वाटण्याचे कारण नाही आणि लपविण्याचेही नाही. लुगडे नेसणाऱ्या, घरात मराठी बोलणाऱ्या, शेत कसणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांची ओळख एका इंग्रजी कंपनीच्या नावाने चालू राहिली, ही गोष्ट मुलांना नीट समजावून सांगितली तर त्यात पारवाही दिसेल आणि शिंतोडाही.

म्हणून आपल्या गावी, आपल्या धर्मग्रामात, जर कोणी जुन्या वस्तूंचा संग्रह करील व त्यास चिन्ह काढील, तर त्याने तीन प्रश्न स्वतःस विचारावेत, एवढीच माझी विनंती आहे.

पहिला प्रश्न : या चिन्हात गरिबाचा पक्षी कोठे आहे? चांदीचा प्याला, भरजरी झगा, बिशपांच्या भेटीचे छायाचित्र हे सर्व जपावे. पण त्याबरोबर नांगराचा फाळ, मिठागरातले फावडे, कोळ्याचे जाळे विणण्याची सुई, पाट्यावर मसाला वाटून झिजलेला वरवंटा, हेही जपले पाहिजे. चांदीचा प्याला ज्या वर्गणीतून आला ती वर्गणी या वस्तूंतून आली.

दुसरा प्रश्न : या चिन्हात आपला शिंतोडा कोठे आहे? कोणती घरे एकाच वेदीसमोर गुडघे टेकूनही एकमेकांच्या पंगतीस बसत नव्हती, कोणाची जमीन कोणत्या कागदावर अंगठा उठवून गेली, कोणत्या मुलीचे शिक्षण भावाच्या शिक्षणासाठी थांबले, या गोष्टी जाणणारी माणसे अजून हयात आहेत तोवर त्या लिहून घेतल्या पाहिजेत. नावे घेऊन कोणास लाजविण्याचे कारण नाही. पण घडलेच नाही असे म्हणण्याचेही कारण नाही.

तिसरा प्रश्न : सोने कोठे लावले आहे? जेथे टाकलेल्यास उचलून मान दिला तेथे ते खुशाल लावावे. जेथे ते आपले पाप झाकते तेथून ते खरवडून काढावे.

आपल्या धर्माने हे काही नवीन शिकविलेले नाही. आपण दर रविवारी मिस्सेच्या आरंभी उभे राहतो ते आपली स्तुती करीत नव्हे, तर अपराधांची कबुली देत. कबुली दिल्यावाचून वेदीकडे जाता येत नाही. मग वर्षानुवर्षांचा हिशेब मांडणाऱ्या ज्युबिलीस ती अट लागू नसावी काय? ज्या समाजाला रविवारी आपले दोष सांगण्याचे धैर्य आहे त्याला आपल्या इतिहासाचे दोष सांगण्याचे धैर्यही असलेच पाहिजे. तसे केल्याने पूर्वजांचा मान जात नाही. ते खरी माणसे होती, एवढेच सिद्ध होते. आणि खऱ्या माणसांच्याच पावलावर पाऊल टाकता येते. पुतळ्यांच्या पावलावर टाकता येत नाही.

लंडनचा तो पांढरा पारवा आपणांपैकी काहींस आवडेल, काहींस आवडणार नाही. त्याविषयी माझा आग्रह नाही. परंतु आपण जे चिन्ह काढू ते पाहून आपल्या नातवंडांना दोन गोष्टी कळाव्यात. आपले वाडवडील त्यांच्यासाठी काय ठेवून गेले, ही एक. आणि ते ठेवताना कोणाची किंमत मोजली गेली, ही दुसरी. यांपैकी एकच कळली तर ते चिन्ह जाहिरात होईल. दोन्ही कळल्या तरच तो वारसा.

 आपल्या ज्युबिलीस व आपल्या धर्मग्रामास देवाचा आशीर्वाद लाभो, अशी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.